जीवाश्म ब्राझीलचा, नियम कोणी मोडला?



गरीब देशांचे परवान्याचे नियम संशोधनाच्या आड येतात, असे आपल्या गेल्या अंकातील लेखात म्हटले आहे. त्यासाठी दिलेला ‘उबिराजारा’ या डायनासोरचा दाखला नेमके उलटे सांगतो. तो ब्राझीलच्या अरारिपे खोऱ्यातला. तिथले जीवाश्म १९४२ च्या कायद्याने राष्ट्राच्या मालकीचे. १९९० पासून परदेशी अभ्यासकांना ब्राझीलमधली संस्था सोबत घ्यावी लागते. तरीही २०२० च्या शोधनिबंधात एकही ब्राझिलियन लेखक नव्हता आणि जीवाश्म जर्मनीत, कार्ल्सरूहच्या संग्रहालयात होता. ब्राझीलच्या संशोधकांनी आवाज उठवला, तेव्हा २०२१ मध्ये निबंध मागे घेतला गेला. काम अडले ते नियम डावलल्यामुळे.

‘तिथे तज्ज्ञ कुठे आहेत?’ हा लेखातला प्रश्न तर अपमानकारक आहे. याच खोऱ्यातल्या ‘थॅलासोड्रोमियस’ या उडत्या सरीसृपाचे वर्णन २००२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात केले ते केलनर आणि काम्पोस या ब्राझिलियन संशोधकांनीच.

जीवाश्मांच्या अभ्यासाची यंत्रे महाग असतात आणि त्यासाठी बाहेरचा पैसा लागतो, एवढे मान्य. पण शोधनिबंधावर ज्याचा पैसा त्याचेच नाव, हे मान्य नाही.

जून २०२३ मध्ये उबिराजारा ब्राझीलला परत गेला. लेखात ही माहिती नव्हती. ती वाचकांपर्यंत पोहोचावी.

– भूविज्ञानाची एक शिक्षिका, नागपूर