आकड्याला भिऊ नका, गोळी चुकवू नका

शिरपूरहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. यजमानांची चार महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. परवा रक्त तपासलं तर ‘सीआरपी १४’. शेजारणीनं सांगितलं, सीआरपी वाढलं म्हणजे नळी पुन्हा बंद व्हायला लागली. बाईंची झोप उडाली आहे. यजमान मात्र ‘मला आता काही होत नाही’ म्हणत गोळ्या बंद करायला निघालेत!

भगिनींनो, फुगा फुगवून धमनी रुंद करताना तिच्या आतल्या अस्तराला इजा होते. हात पोळला की एखादीला नुसता डाग राहतो, एखादीला जाड वण उठतो, तसंच आतही होतं. हा वण फार वाढला की धमनी पुन्हा अरुंद होते, बहुधा पहिल्या सहा ते नऊ महिन्यांत. नुसत्या फुग्याच्या काळात दहांपैकी तीन-चार जणांना हा त्रास व्हायचा. धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, आल्यावर तो कमी झाला; औषध लावलेल्या स्टेंटमुळे आणखी कमी. १९७७ साली झुरिचमध्ये डॉ. ग्रुंट्झिग यांनी अशी पहिली अँजिओप्लास्टी केली. त्या रुग्णाची धमनी दहा वर्षांनी तपासली, तेव्हाही उघडीच होती.

आता सीआरपी. शरीरात कुठंही दाह झाला की यकृत हे प्रथिन तयार करतं. ते चढं असणाऱ्यांची धमनी पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण काही पाहण्यांत जास्त आढळलं, काहींत नाही. म्हणून एवढ्या एका आकड्यावरून नळीचं निदान होत नाही. सर्दी-ताप, सुजलेल्या हिरड्या, सांधेदुखी, विडी-सिगारेट यांनीही तो चढतो. लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत असेल तर उत्तम, ३ च्या वर जास्त. १० च्या वर गेला तर आधी जंतुसंसर्ग शोधायचा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायचं.

खरा धोका आहे तो गोळ्या सोडण्यात. रक्ताची गुठळी न होऊ देणाऱ्या गोळ्या मनानं थांबवल्या, तर स्टेंटमध्ये अचानक गुठळी होऊन जिवावर बेतू शकतं. दात काढायचा असला तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. कोलेस्टेरॉलची गोळीही चालू ठेवा. तिनं सीआरपीसुद्धा उतरतं.

विडी-तंबाखू घरातून हद्दपार करा. शेवभाजीची तर्री सणावारापुरती ठेवा; दादरची भाकरी, पालेभाजी, वरण रोज चालेल. जिना चढताना छाती पुन्हा भरून येऊ लागली, तर तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका. बसल्याजागी छातीत कळ आली, घाम फुटला, तर सरळ १०८ ला फोन करा.

ताई, गोळ्यांच्या वेळा कॅलेंडरवर लिहून रोज खूण करा. आणि यजमानांबरोबर दवाखान्यात जाल तेव्हा स्वतःचाही रक्तदाब मोजून घ्या बरं!