समतोलाचा दावा आणि आपला वाटा



राज्याचा अर्थसंकल्प हा मंत्र्यांचा आणि पंडितांचा विषय, त्यात आपणांस काय कळणार, असे म्हणून आपण तो बाजूस सारता. ही समजूत घातक आहे. बाबासाहेबांनी प्रांतिक सरकारांच्या जमाखर्चावर लिहिलेला ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या अनुयायांनी खजिन्याकडे पाठ फिरवावी काय?

विश्रामबागेतील माझ्या कचेरीत विद्यार्थी येतात. शिष्यवृत्ती जमा झालेली नसते आणि महाविद्यालय शुल्क मागत असते. त्यांना मी पहिली गोष्ट सांगतो, तीच आपणांसही सांगतो : भाषण ऐकू नका, आकडे वाचा.

१० मार्च २०२५ रोजी वित्तमंत्री अजित पवार यांनी २०२५-२६ चा अर्थसंकल्प मांडला. राजकोषीय तूट राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या तीन टक्क्यांच्या आत राखली, असे त्यांनी अभिमानाने सांगितले. हे खोटे नव्हते, परंतु अपुरे होते. त्याच अर्थसंकल्पात महसुली तूट ४५,८९१ कोटी रुपयांची होती. म्हणजे वेतन, निवृत्तिवेतन, व्याज आणि अनुदाने हा नित्याचा खर्चही चालू उत्पन्नातून भागणार नव्हता. घर बांधण्यासाठी कर्ज काढणे निराळे आणि वाण्याची उधारी फेडण्यासाठी कर्ज काढणे निराळे. हा भेद आपल्या घरातील गृहिणीस कळतो, तो मंत्र्यांस कळत नाही असे कोण म्हणेल?

शिवाय अंदाज तो अंदाजच. २०२४-२५ ची महसुली तूट फेब्रुवारीत ९,७३४ कोटी सांगितली गेली. जूनमध्ये त्याच वर्षासाठी ती २०,०५१ कोटी झाली. त्यापूर्वी, दुसरी आघाडी सत्तेवर असताना, २०१३-१४ साठी १८४ कोटींची शिल्लक दाखविली होती. वर्षअखेर पाच हजार कोटींवर तूट निघाली. तेव्हा दोष एका पक्षाचा नाही, रीतीचा आहे. सरकारी हिशेब रोखीचा असतो. जे देणे दिलेच नाही, ते त्या वर्षीच्या खर्चात दिसत नाही. थकविलेली शिष्यवृत्ती हीसुद्धा अशी कागदोपत्री बचतच होय.

आता मर्माची गोष्ट. त्याच मार्चमध्ये अनुसूचित जातींच्या योजनांसाठी २२,६५८ कोटी, म्हणजे ४२ टक्के वाढ, अशी घोषणा झाली. पुढे मे महिन्यात सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळविले गेले. खुद्द त्या विभागाच्या मंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. यावर उत्तर मिळाले की, निधी अनुसूचित जातींच्या भगिनींनाच मिळणार आहे. आमच्या भगिनींच्या हाती दरमहा १,५०० रुपये पडावेत, याचे आम्हांस दुःख नाही. परंतु सर्व स्त्रियांसाठी असलेल्या योजनेत त्यांचा हक्क इतर भगिनींइतकाच आहे. इतरांचा खर्च सामान्य तिजोरीतून आणि आमच्या बहिणींचा खर्च आमच्याच मुलांच्या वाट्यातून, हा कोणता न्याय?

बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींचा हा वाटा १९९० च्या कायद्याने केंद्रातही मान्य झाला आहे. ती कोणाची मेहेरबानी नव्हे. म्हणून तीन गोष्टी करा. मंत्री आकडा सांगतील तेव्हा विचारा : अंदाज किती, सुधारित किती, प्रत्यक्ष खर्च किती? संविधानाच्या १५१ व्या अनुच्छेदानुसार विधिमंडळापुढे येणारा महालेखापरीक्षकांचा अहवाल आपल्या विहारात वाचवून घ्या. आणि माहिती अधिकाराखाली सांगलीच्या समाजकल्याण कार्यालयास विचारा की, किती शिष्यवृत्त्या मंजूर झाल्या आणि किती प्रत्यक्ष दिल्या.

आंध्र प्रदेश आणि कर्नाटक यांनी २०१३ साली या निधीस कायद्याचे कुंपण घातले. महाराष्ट्रातही तसे कुंपण हवे, ही मागणी प्रत्येक उमेदवाराच्या तोंडावर मांडा. आमचा वाटा कापून साधलेला समतोल हा समतोल नव्हे. ती मापात मारलेली पाप आहे.

जय भीम.