'परत' या शब्दाचे लिंग

महाविद्यालयांतील निरोप-समारंभांना ज्यांनी हजेरी लावली आहे त्यांना पुढचा प्रसंग नवा वाटू नये. शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ स्वीकारून झाल्यावर सत्कारमूर्ती उत्तराच्या भाषणाला उभे राहतात. कंठ किंचित दाटतो. उर्वरित आयुष्य गावी परत जाऊन शांतपणे घालवण्याचा मानस ते बोलून दाखवतात आणि सभागृहात टाळ्या पडतात. त्यांच्या पत्नी पहिल्या रांगेत बसलेल्या असतात. त्यांची ओटी भरली जाते, 'यांच्या साथीशिवाय हे शक्य झाले नसते' असे एक वाक्य त्यांच्या वाट्याला येते. त्यांचा मानस काय आहे, हे विचारण्याची मात्र प्रथा नाही.

निवृत्त माणसांनी कुठे राहायला जावे या विषयावर आपल्याकडे बोलले पुष्कळ जाते. हवापाणी, जागेचा भाव, दवाखान्याचे अंतर, मुलांची सोय, असे सगळे निकष त्यात येतात. हे निकष 'निवृत्त माणूस' नावाच्या एका एकसंध प्राण्याला लावले जातात, आणि हा प्राणी व्यवहारात जवळजवळ नेहमीच पुरुष असतो. माझी तक्रार त्याच्याविषयी नाही. माझी तक्रार मराठी साहित्याविषयी आणि ते शिकवणाऱ्या आपणा सर्वांविषयी आहे. 'गावी परत जाणे' या कल्पनेला जे पावित्र्य लाभले आहे ते आपण दिलेले आहे, आणि ते देताना एक साधा प्रश्न आपण कधी विचारला नाही: परत नेमके कोण जाते?

'परत' हे अव्यय आहे. अव्ययाला लिंग, वचन, विभक्ती नसते असे व्याकरण सांगते. निवृत्तीच्या संदर्भात मात्र ते निखालस पुल्लिंगी आहे. मुंबईत तीस-पस्तीस वर्षे नोकरी केलेला रत्नागिरीचा गृहस्थ खरोखरच परत जातो. ती वाट, तो पार, ती विहीर त्याच्या बालपणाची असते. त्याची पत्नी तेथे जन्मलेली नसते, वाढलेली नसते. तिचा त्या गावाशी संबंध लग्नानंतरचा. गणपतीचे काही दिवस आणि मे महिन्याची सुटी एवढाच सहवास, आणि त्यातले बहुतेक दिवस चुलीपुढे गेलेले. जेथून आपण कधी निघालोच नाही तेथे परत कसे जाणार? तिच्या दृष्टीने हे दुसरे स्थलांतर असते. पहिले विशी-पंचविशीत झाले, नवऱ्याच्या खोलीत. दुसरे साठीच्या आसपास होते, नवऱ्याच्या गावी. दोन्ही वेळा पत्ता त्याने ठरवलेला असतो.

या व्यवस्थेची मुळे शोधायला फार लांब जावे लागत नाही. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात वानप्रस्थाचा विधी आहे. अंगावर सुरकुत्या पडल्या, केस पांढरे झाले, मुलाला मूल झाले की गृहस्थाने वनात जावे. पत्नीचे काय करावे, तर तिला मुलांच्या हवाली करावे किंवा बरोबर न्यावे. ठेव ठेवावी किंवा सामान घ्यावे, त्या धर्तीचा हा पर्याय आहे. तिला वनात यायचे आहे काय, की मुलाकडे राहायचे आहे, की तिसरीकडेच कुठे जायचे आहे, हा विकल्प तेथे संभवतच नाही. आज वन गेले, त्या जागी आंब्याची कलमे आणि जांभ्या दगडाचे दुरुस्त केलेले घर आले. विधीचा सांगाडा तोच आहे.

आधुनिक मराठी साहित्याने तरी हा सांगाडा मोडावयास हवा होता. त्याने म्हातारपणाचे एक वेगळेच कथानक रूढ केले. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' १९७० साली रंगभूमीवर आले, आणि जयवंत दळवींचे 'संध्याछाया' त्याच दशकातले. आप्पासाहेब बेलवलकर आपली मिळकत मुलांना वाटून टाकतात आणि मग या घरातून त्या घरात अपमानित होत जातात. कावेरी त्यांच्यामागोमाग जाते. दळवींचे नाना-नानी मुलांची वाट पाहत रिकाम्या घरात झिजतात. दोन्ही नाटके थोर आहेत, याबद्दल वाद नाही. पण या नाटकांपासून आपण अध्यापकांनी जो एकच धडा काढला आणि पिढ्यान्‌पिढ्या वर्गात गिरवला तो असा, की म्हातारपणाचे दुःख मुलांच्या कृतघ्नतेतून येते. एका बाजूला मुले, दुसऱ्या बाजूला 'आईवडील' नावाचे एक अभंग जोडपे. २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा केंद्रीय कायदा झाला, त्याची मांडणीही मुख्यतः याच कथानकाची आहे. जोडप्याच्या आत एकाचा निर्णय आणि दुसऱ्याचे पालन असा व्यवहार असू शकतो, याची दखल ना आपल्या प्रश्नपत्रिकांनी घेतली, ना कायद्याने.

दुसरे कथानक गावाचे. कोकणाबद्दलच्या आपल्या वाङ्मयीन जिव्हाळ्याचा मोठा भाग मुंबईत बसून लिहिला गेला आहे. श्री. ना. पेंडसे मूळचे दापोलीजवळच्या मुर्डीचे. 'गारंबीचा बापू' १९५२ साली प्रसिद्ध झाली तेव्हा ते मुंबईत बेस्टमध्ये नोकरीला होते. दळवींचे आरवलीही मुंबईतल्या मुक्कामात लिहिले गेले. दुरावलेल्या प्रदेशाचे असे लेखन श्रेष्ठ असू शकते, तसे ते आहेही, आणि त्यात गावाचा क्रूरपणा लपवलेला नाही. परंतु पुढे वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांतून आणि दिवाळी अंकांतून त्याची जी पातळ आवृत्ती निघाली, तिने क्रूरपणा गाळला आणि फणस, पाट, पागोळ्या तेवढ्या ठेवल्या. साठाव्या वर्षी या ललित लेखांनाच नकाशा समजून लोक घर हलवतात.

प्रत्यक्षातला नकाशा वेगळा आहे. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे १६ लाख ९७ हजार होती, ती २०११ च्या जनगणनेत सुमारे १६ लाख १५ हजारांवर उतरली. सिंधुदुर्गातही घट झाली. त्याच २०११ मध्ये रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. हा आकडा स्त्रियांना लाभलेल्या सुस्थितीची खूण नव्हे, तो पुरुषांच्या अनुपस्थितीची नोंद आहे. चाकरमान्यांनी मनीऑर्डरी पाठवल्या. घर शाकारले, जनावरे पाहिली, सासू-सासऱ्यांचे केले ते मागे राहिलेल्या बायकांनी. ज्याला आपण 'माझे गाव' म्हणतो ते गाव इतकी वर्षे दुसऱ्या कोणाच्या तरी श्रमाने उभे आहे.

येथे एक आक्षेप येईल: हा सगळा पांढरपेशा प्रश्न आहे; १९८२ च्या संपानंतर जो गिरणी कामगार गावी गेला त्याला निवड कसली होती? आक्षेप खरा आहे. निवडीचा अधिकार मुळात मासिक उत्पन्नाने ठरतो. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत २०१४ साली किमान पेन्शन ठरली ती दरमहा १,००० रुपये. त्या पैशात कोणीही रमणीय स्थळ निवडीत बसत नाही. पण याच उदाहरणात माझा मुद्दा अधिक तीव्र होतो. अनेक गिरणी कामगारांच्या बायका आधीपासून गावीच होत्या. नवरा परत आला म्हणजे त्यांच्या दृष्टीने मनीऑर्डर थांबली आणि जेवणारे एक ताट वाढले. त्याची निवृत्ती किंवा बेकारी, दोहोंचा हिशेब तिच्या कामात मिळवला गेला.

दुसरा आक्षेप असा की कित्येक स्त्रिया आनंदाने गावी जातात. जातातच, मी त्या पाहिल्या आहेत. पण आनंदाने जाणे आणि निवडून जाणे यांत फरक आहे. तो पाहण्यासाठी एक साधी कसोटी लावावी. 'परत'च जायचे तर तिच्या गावी का जाऊ नये? तिचेही बालपण कुठेतरी गेले आहे, तिलाही एक विहीर आठवते. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली कायदा दुरुस्त करून हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलासारखा हक्क दिला. तरीही निवृत्तीनंतर पत्नीच्या माहेरगावी बिऱ्हाड नेलेले जोडपे आपल्या ओळखीत किती आहेत, हे वाचकांनी बोटांवर मोजावे. त्या पुरुषाला हिणवायला 'घरजावई' हा शब्द भाषेने तयार ठेवला आहे. आयुष्यभर नवऱ्याच्या घरी राहणाऱ्या स्त्रीला असा शब्द नाही, कारण भाषेच्या लेखी त्यात हिणवण्याजोगे काही घडलेलेच नाही.

तिचे म्हणून जे स्थलांतर होते त्याचे नावही वेगळे असते. मुलीच्या बाळंतपणासाठी, नातवंडे सांभाळण्यासाठी ती बंगळुरूला किंवा न्यू जर्सीला जाते. तो जातो ते विश्रांतीसाठी, ती जाते ते गरजेसाठी. विश्रांतीच्या गावीही सकाळचा चहा तिनेच करायचा असतो. निवृत्तीचे वय नोकरीला असते, स्वयंपाकघराला नसते. मुंबईत निदान पोळीवाली होती, लोकलच्या डब्यातल्या मैत्रिणी होत्या, कोपऱ्यावर डॉक्टर होता. पुण्यात पाषाण-बावधन भागात ज्येष्ठांसाठी जी गृहसंकुले उभी राहिली, त्यांना 'वृद्धाश्रमाची सुधारित आवृत्ती' म्हणून हसणाऱ्यांनी एकदा सामाईक भोजनगृह या सोयीचा अर्थ एखाद्या बासष्ट वर्षांच्या बाईला विचारावा.

सर्वांत गंभीर मुद्दा शेवटी. आपल्याकडे पती वयाने बहुधा मोठा असतो आणि स्त्रीचे सरासरी आयुर्मान पुरुषापेक्षा अधिक आहे. म्हणजे त्याने निवडलेल्या गावी शेवटची वर्षे, अनेकदा दहा-दहा वर्षे, तिला एकटीने काढायची असतात. सातबाऱ्यावर दीर-पुतण्यांची नावे असतात. ती कायद्याने वारस असते, पण कौल बदलायचे तरी भाऊबंदांना विचारावे लागते. सिंधुदुर्गातले रुग्ण गंभीर दुखण्यात वर्षानुवर्षे बांबोळीच्या इस्पितळाकडे धाव घेत आले आहेत. रात्री गाडी कोण काढणार? ज्या व्यक्तीला त्या जागी सर्वांत जास्त काळ राहायचे आहे तिचे मत सर्वांत आधी घेतले पाहिजे, हे सांगायला स्त्रीवादाचा अभ्यासक्रम लागत नाही. साधे अंकगणित पुरते.

मराठीत बिऱ्हाड हलवण्याची गोष्ट भांडी बांधणाऱ्या व्यक्तीने सांगितल्याचे थोर उदाहरण आहे: लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' (१९३४–३६). नोकऱ्या धरीत-सोडीत फिरणाऱ्या नवऱ्यामागून गावोगाव जाणाऱ्या बाईचे ते कथन आपण विनोदासाठी वाचतो, निवेदनशैलीसाठी शिकवतो. निवाऱ्याचा निर्णय कोणाचा, या प्रश्नाचे पुस्तक म्हणून ते अजून वर्गात उघडायचे आहे. तसे उघडले तर 'नटसम्राट'मधली कावेरीही वेगळी दिसू लागेल, आणि गावावरचे ललित लेख तपासताना विद्यार्थी समासात लिहितील: या घरात पाणी कोण भरत होते?

तोवर पुढच्या निरोप-समारंभात एवढे तरी करता येईल. सत्कारमूर्तींचे भाषण संपल्यावर ध्वनिक्षेपक पहिल्या रांगेत न्यावा, आणि विचारावे, 'बाई, आपल्याला कुठे राहायचे आहे?'