चालू अँप्लिफायरला हात लावू नये

ऑफिसात माझा एक नियम आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, चालवून बघायची, मग पुढची. नवीन पोरांना मी हे इतक्यांदा ऐकवतो की ती आता माझी नक्कल करतात. आणि हाच मी, एका शनिवारी, घरी बसून अँप्लिफायरमधले ३२ कपॅसिटर एका बैठकीत बदलले!

अँप सत्तरच्या दशकातला, जपानी. सदाशिव पेठेतल्या एका आजोबांकडून घेतला. घर आवरून मुलीकडे बंगळूरला निघाले होते. पैसे मोजायच्या आधी त्यांनी कुमार गंधर्वांची एक अख्खी बाजू वाजवून दाखवली. आवाज सुरेख. खोट दोनच: व्हॉल्यूम फिरवला की खरखर, आणि डावा स्पीकर मधूनच जायचा, नॉब हलवला की परत यायचा. निघताना म्हणाले, "नुसता शोभेला ठेवू नका हं."

आता, या दोन्ही खोटी म्हणजे निव्वळ धूळ आणि काळे पडलेले कॉन्टॅक्ट. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा आत मारायचा, प्रत्येक नॉब वीस-पंचवीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचा, की बहुतेक वेळा काम होतं. (क्लीनर म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सचाच. दाराच्या बिजागरीला मारतो तो स्प्रे नव्हे.) पण इंटरनेटवर जो तो सांगत होता, जुना अँप घेतला की आधी सगळे कपॅसिटर बदला. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वर्षांनुवर्षांत आतून सुकतात हे खरंच आहे. वर आम्ही इंजिनियर! जुना कोड दिसला की वाचायच्या आधी नव्याने लिहायला घेणारी जात.

बदलले. थेट प्लगमध्ये घालून चालू केला. फट्ट आवाज, जळका वास, डावी बाजू गप्प. कुठल्या कपॅसिटरने घात केला? ३२ संशयित! शेवटी तपकीर गल्लीजवळच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकने दहा मिनिटांत दाखवलं, एक उलटा बसवला होता. प्लस-मायनस. त्याच्यामागे आउटपुटचे ट्रान्झिस्टर गेले. ते आता बनत नाहीत, आणि बाजारात तोच नंबर छापलेले नकली भरपूर मिळतात.

म्हणून माझं मत, कुणाला पटो न पटो: पहिला अँप वाजणाराच घ्या. "मेलेला स्वस्तात घे, शिकायला होतं" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. मेलेल्यावर शिकणं म्हणजे काय बिघडलंय आणि आपण काय बिघडवलं हे न कळणं. स्वतःची रेकॉर्ड किंवा फोन आणि वायर घेऊन जा, अर्धा तास ऐका. मागची पाटी वाचा. जपानातल्या घरासाठी बनलेला असेल तर १०० व्होल्टचा असतो, आपल्या २३० वर लावलात तर तिथेच राम म्हणेल. स्पीकर घेताना जाळी काढून कोनाच्या कडेला हलकेच बोट लावा. फोमची कड वर्षांनी भुसा होते, रबराची बरीच टिकते.

आणि घरी आणल्यावर पहिला महिना फक्त साफ करा आणि मोजा. स्पीकरच्या वायरी काढून त्या जागी मल्टीमीटर लावा, डीसी मिलिव्होल्टवर. पंधरा-वीस मिनिटं तापल्यावर ५० च्या आत आकडा असेल तर सहसा घाबरायचं कारण नाही. व्होल्टमध्ये दिसला तर बंद करा, नाहीतर स्पीकरची कॉइल जळेल. आत हात घालायच्या आधी प्लग काढा आणि मोठ्या कपॅसिटरवरही मीटर लावून बघा, बंद केल्यावरही त्यात चार्ज उरतो.

काही कधी बदलूच नये असं नाही. कपॅसिटर फुगलाय, गळलाय, दोन्ही बाजूंनी घूंऽऽ येतंय, तर बदलावाच. पण एक बदलायचा, तपासायचा. आणि दुरुस्तीनंतर पहिल्यांदा चालू करताना मध्ये सिरीजमध्ये ६० किंवा १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब. (एलईडी चालत नाही. आता हा बल्बसुद्धा शोधावा लागतो!) भपकन लागून मंद झाला तर ठीक, भगभगीत जळत राहिला तर आत शॉर्ट. दोन-तीनशे रुपयांच्या या सामानाने माझे ट्रान्झिस्टर वाचले असते.

मागच्या रविवारी आजोबांचा फोन आला. "काय हो, वाजतोय ना?" अँप तेव्हा डायनिंग टेबलवर उघडा पडला होता. मी म्हटलं, "हो, वाजतोय की." उजवी बाजू वाजते, म्हणजे अगदीच खोटं नाही... तर म्हणाले, दिवाळीला पुण्यात येतोय, तासभर ऐकायला येईन, चालेल ना?

मेकॅनिककाकांनी पर्यायी ट्रान्झिस्टरची जोडी मागवली आहे. रोज ऑफिसातून येताना दुकानात डोकावतो. अजून आलेली नाही.