दोन कॅन पाणी



मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन कुठेतरी जावे, असे आमच्या घरात दरवर्षी ठरते आणि दरवर्षी रद्द होते. कधी लग्न, कधी क्लासची फी, कधी संघटनेचे काम आडवे येते. यंदा मात्र मेहुण्यांची जुनी व्हॅन मिळाली आणि खटाव तालुक्यातील मित्राचा फोन आला, "आता नुसतं येतो येतो म्हणू नका."

हे मित्र आणि आम्ही पुण्यात एकाच कार्यालयात अठरा वर्षे शेजारशेजारच्या टेबलांवर बसलो. डबा एकत्र खाल्ला. समाजाने ते मराठा. वडील गेल्यावर नोकरी सोडून ते गावी शेती पाहू लागले. बोलावणे नेहमीच होते; पण गावच्या घरी, सगळ्या कुटुंबासह, मुक्कामाला जायचे म्हटले की आमचेच पाऊल अडत असे. कार्यालयातली ओळख वेगळी आणि गावची ओसरी वेगळी, हे आम्हाला आईने लहानपणीच शिकवले होते.

निघताना त्याच आईने पाच-पाच लिटरचे पाण्याचे दोन कॅन आणि फडक्यात बांधलेल्या भाकरी गाडीत ठेवल्या. वय पंचाहत्तर. चिरंजीव हसले, "आजी, रस्त्यात बाटली मिळते." आई म्हणाली, "असू दे. वाटंत कुणाकडं पाणी मागायची पाळी येऊ नये."

खेड शिवापूरचा टोलनाका, खंबाटकीचा घाट आणि मग आनेवाडीचा नाका. पुढच्या काचेवरची फास्टॅगची चिठ्ठी यंत्राने वाचली आणि आडवा दांडा वर गेला. तेव्हा आम्ही मुलांना याच जिल्ह्यातील एका टोलनाक्याची गोष्ट सांगितली. ती बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत स्वतःच लिहून ठेवली आहे.

सन १९०१ चा उन्हाळा. बाबासाहेब दहा वर्षांचे. वडील खटाव तालुक्यातील गोरेगावला रोखपालाच्या नोकरीवर. त्यांना भेटायला बाबासाहेब, त्यांचे भाऊ आणि बहिणीची दोन मुले साताऱ्याहून नवे कपडे घालून निघाली. आगगाडीने मसूरला उतरली. पण आपण येत असल्याचे पत्र वडिलांना वेळेवर मिळालेच नव्हते, त्यामुळे स्टेशनावर न्यायला कोणी नाही. जात कळल्यावर कोणी बैलगाडीही देईना. अखेर दुप्पट भाड्यावर एक गाडीवान तयार झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनीच हाकायची आणि तो बाजूने चालणार! डबा भरलेला होता, पण प्यायला पाणी नव्हते. रात्री टोलनाक्यावर गाडी थांबली. आपण मुसलमान आहोत असे सांगा, म्हणजे पाणी मिळेल, असा सल्ला गाडीवानाने दिला. मुलांनी तसे सांगूनही पाहिले. टोलवाल्याने पाणी दिले नाही. मुले उपाशीच झोपली.

गाडीत कोणी बोलले नाही. आमच्या कन्येने मागे वळून त्या दोन कॅनकडे पाहिले. चिरंजीव पुन्हा हसले नाहीत.

साताऱ्यात राजवाड्याजवळ गाडी थांबवली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर हे नाव ज्या शाळेच्या रजिस्टरात चढले, ती इथली. सुट्टी असल्याने बाहेरूनच पाहिली. आईने फाटकापाशी हात जोडले.

कोरेगाव ओलांडले तशी झाडे विरळ झाली. डोंगरउतारावर ओळीने खणलेले समतल चर दिसू लागले. २०१६ साली पाणी फाउंडेशनची पहिली स्पर्धा झाली, तेव्हा निवडलेल्या तीन तालुक्यांत कोरेगाव होता आणि याच तालुक्यातील वेळू गावाने पहिला क्रमांक मिळवला होता. या दुष्काळी भागात माणसांनी कुदळ-फावडे घेऊन पाणी अडवले, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिले.

वर्धनगडाचा घाट उतरून चहाला थांबलो. हॉटेलवाल्याने सहज विचारले, "पाव्हणं कुठलं? आडनाव काय?" आम्ही म्हणालो, "पुण्याचे." आडनाव चहाबरोबर गिळून टाकले. गाडीत बसताच कन्या म्हणाली, "पप्पा, तुम्ही आडनाव का नाही सांगितलं?" वाचकहो, वीस वर्षे व्यासपीठावरून स्वाभिमानावर बोलणाऱ्या आमच्याकडे या प्रश्नाला उत्तर नव्हते. तहानलेल्या लेकरांनी १९०१ साली ओळख लपवली, ती नाइलाजाने. आमचा चहा तर पैसे देऊन घेतलेला होता!

गावाच्या फाट्यावर मित्र मोटारसायकल घेऊन उन्हात उभे होते. दीड तासापासून! मसूरच्या स्टेशनावर ताटकळलेली ती चार मुले आम्हाला त्या क्षणी आठवली.

घरी मित्राच्या मातोश्रींनी तांब्याभर पाणी आणले. आम्ही सगळे प्यालो. आई मात्र ओसरीच्या कडेलाच टेकली. "आत चला" म्हटले तरी, "मला हितंच वारं लागतंय," म्हणाली. सौ.ने आमच्याकडे पाहिले. आम्ही खाली पाहिले.

थोड्या वेळाने शेजारचे एक गृहस्थ पाहुण्यांना भेटायला आले. चहाचा कप हातात घेऊन त्यांनी तोच प्रश्न विचारला. आम्ही तोंड उघडायच्या आत कन्येने पूर्ण नाव आडनावासह सांगितले आणि म्हणाली, "आम्ही बौद्ध." गृहस्थांना एकाएकी काम आठवले. कप तसाच राहिला. मित्राचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "श्रमदानाला हाच माणूस आमच्याबरोबर पाट्या उचलत होता. कुणी कुणाची पाटी धरली, तेव्हा बघितलं नाही." खणताना जे जमले ते पिताना का जमू नये, हा प्रश्न ओसरीवर तसाच राहिला.

त्या घटकेला मातोश्री बाहेर आल्या आणि आईसमोर बसल्या. "ताई, माझा मनगटाचा सांधा धरलाय. रातच्या भाकरी तेवढ्या तुम्ही थापा." आई पाहतच राहिली. पाणी देणे वेगळे आणि आपल्या हातची भाकरी मागणे वेगळे, हा फरक त्या दोघींच्या वयाच्या बायांना जेवढा कळतो तेवढा आम्हाला कळणार नाही. आई उठली आणि चुलीपुढे बसली. रात्री मातोश्रींनी तीच भाकरी आमटीत कुस्करून खाल्ली. हात धुताना त्या आईला म्हणाल्या, "आमच्या सासूच्या काळात आम्ही वरून पाणी वतायचो. तवा काय वाटायचं नाही. आता वाटतंय." आईने उत्तर दिले नाही. पण अंगणात दोघींच्या गोधड्या शेजारी पडल्या आणि बोलणे उशिरापर्यंत चालू होते.

दोन दिवसांनी निघताना आईने पुण्याहून आणलेले पाणी आंब्याच्या रोपाला ओतले आणि रिकामे कॅन मातोश्रींच्या हाती दिले. त्यांनी ते स्वतः भरले.

आम्ही वाणिज्य शाखेचे. घरी आल्यावर हिशेब मांडला. पेट्रोल, टोल, चहापाणी धरून खर्च अंदाजापेक्षा थोडा जास्तच झाला. पण खाते अजून बंद झालेले नाही. बांधवांनो, पाहुणचार घेतला की आपल्या बाजूला देणे निघते. मुलांना घेऊन बाहेर पडा. वाटेतला इतिहास त्यांना वाटेवरच सांगा. कोणी विचारले तर आडनाव सांगा. आम्ही ते आमच्या लेकीकडून शिकलो. आणि ज्यांच्या ओसरीवरून आत गेलात, त्यांना आपल्या घरी आग्रहाने बोलवा.

आमच्या मित्राला आम्ही दिवाळीचे आमंत्रण दिले आहे, मातोश्रींसह. खोल्या दोनच आहेत, पण गच्ची मोठी आहे. आईने त्यांच्यासाठी नवी गोधडी शिवायला घेतली आहे.