आजोबा, ओटीपी सांगा!

नोव्हेंबर उजाडला की आमच्या शाखेत माणसे आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायला येतात. २०१४ साली 'जीवन प्रमाण' निघाले, तेव्हापासून यंत्रावर बोट टेकूनही हयात ठरता येते. सोय उत्तमच. पण नाशिकरोडच्या नोट छापखान्यातून निवृत्त झालेले आमचे आजोबा! जन्मभर नोटा मोजून बोटांवरच्या रेषा गुळगुळीत. यंत्र म्हणते, जुळत नाही. आजोबा समोर उभे राहून खोकताहेत, तरी जुळत नाही!

२०२१ पासून नुसता चेहराही चालतो, तोही घरबसल्या मोबाइलवर. पण हे त्यांना शिकवणार कोण? आम्हाला मागची रांग दिसते. मग आम्ही (माझ्यासकट) मोबाइल हिसकावतो, बोटे नाचवतो नि ओरडतो, "आजोबा, ओटीपी आला का? मोठ्यांदा सांगा!" डोक्यावर पाटी असते : ओटीपी कोणालाही सांगू नका.

उद्या एखादा भामटा फोनवर गोड आवाजात हेच विचारील. आजोबा सांगणारच! सवय कोणी लावली? आणि पैसे गेले की आम्हीच म्हणणार, म्हाताऱ्यांना काही कळत नाही बुवा.

अहो, लागते काय? एक खुर्ची, वीस मिनिटे आणि मोबाइल त्यांच्याच हातात. परवा एका आजींना मी असे बसवले. साहेब काचेतून डोळे वटारत होते. दाखला निघाला तशा आजी म्हणाल्या, "उठा आता तुम्ही. मागच्या बाईंना मी दाखवते."