सुक्याबरोबर ओलं जळत नाही!

गेल्या डिसेंबरमध्ये महिनाभर ताईकडे राहिले. भावोजींची बदली शिमला जिल्ह्यात झालीये. लॅपटॉप उघडून काम करायचं आणि खिडकीतून बर्फ बघायचा, असा माझा बेत होता. प्रत्यक्षात बघितला तो धूर!

तिकडे घर उबदार ठेवायला खोलीच्या मध्यभागी पत्र्याची शेगडी असते. तिला तंदूर म्हणतात, काश्मीरमध्ये बुखारी. आत लाकडं, वर छताबाहेर जाणारा पाइप. ताईने नोव्हेंबरमध्ये पाच क्विंटल लाकूड घेतलं होतं, तेही स्वस्तात. पण ते पेटायचं कमी आणि धुमसायचं जास्त. माझा दीड वर्षाचा भाचा रात्रभर खोकत होता. डॉक्टरांनी औषध लिहिण्याआधी विचारलं, "घरात जाळता काय?"

त्या संध्याकाळी घरमालकीण आंटीजी आल्या. त्यांनी दोन लाकडं एकमेकांवर आपटली. थप्प आवाज आला. "बेटा, ये तो गीली है," एवढंच म्हणाल्या.

पाण्याचे पैसे

"सुक्याबरोबर ओलंही जळतं" ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. तंदूरमध्ये मात्र ती लागू पडत नाही. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. आधी ते पाणी उडून जायला हवं, मग खोलीला ऊब. शिवाय लाकूड विकलं जातं वजनावर! म्हणजे ताईने पाच क्विंटलच्या पैशांत कदाचित दोन-अडीच क्विंटल पाणीच घेतलं होतं. थंड, धुराच्या आगीमुळे पाइपमध्ये चिकट काजळी साचते, ती वेगळीच. ही काजळी पेटली तर घराला आग लागू शकते.

सुकं कसं ओळखायचं?

* दोन लाकडं आपटा. सुक्यांचा आवाज टणटणीत येतो, ओल्यांचा बद.
* कापलेल्या टोकाला मध्यापासून बाहेर जाणाऱ्या भेगा बघा.
* साल सहज सुटते का, ते पाहा.
* एक लाकूड फोडायला सांगा. आतली बाजू हाताला गार, ओलसर लागली तर घेऊ नका.
* ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं. ते नव्याने फोडलेल्या बाजूवर लावा. आकडा 20 टक्क्यांच्या आत हवा.

कोणतं झाड?

पूर्ण सुकलेलं कुठलंही लाकूड किलोमागे जवळपास सारखीच उष्णता देतं. फरक असतो तो टिकण्यात. चीडमध्ये राळ असते. ते भुर्रकन पेटतं, ठिणग्या उडवतं आणि लवकर संपतं, म्हणून आग धरवण्यापुरतं ठीक. बान, म्हणजे तिकडचा ओक, जड असतो. सावकाश जळतो, निखारा टिकवतो. पण त्याला सुकायला एक-दोन वर्षं लागतात. शिवाय बानाचा पाला गुरांचा चारा आहे, त्यामुळे लाकूड कुठून तोडून आणलं ते जरूर विचारा. आंटीजींची पसंती सफरचंदाला. हिवाळ्यात बागांची छाटणी होतेच. त्या फांद्या फोडून ठेवल्या की पुढच्या थंडीला कामी येतात.

प्लायवूड, रंग दिलेलं फर्निचर, प्लास्टिक मात्र कधीच जाळू नका. तो धूर विषारी असतो.

आणि हे विसरू नका

लाकूड थंडी सुरू झाल्यावर नाही, उन्हाळ्यात घ्या. मनगटाएवढ्या किंवा थोड्या जाड ढलप्या करून, जमिनीपासून उंच रचा. वरून झाका, बाजू मोकळ्या ठेवा. सगळीकडून ताडपत्री गुंडाळली तर आत बुरशी लागते. दोन दिवसांपुरतं लाकूड घरात आणा, पण तंदूरला चिकटवून ठेवू नका.

लाकूड कितीही चांगलं असलं तरी खिडकीची एक फट उघडी हवीच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. डोकं जड झालं, मळमळलं तर सगळ्यांनी लगेच बाहेर मोकळ्या हवेत यायचं आणि डॉक्टरांना गाठायचं. पाइप नसलेली निखाऱ्यांची शेगडी तर बंद खोलीत ठेवून झोपूच नका. ताईने आता कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही बसवलाय.

आंटीजींनी त्यांच्या साठ्यातलं थोडं सुकं लाकूड दिलं. ताईने आधी पाइप साफ करून घेतला, मग तंदूर पेटवला. खोलीत धूर नव्हता. भाच्याचा खोकला जायला पुढे आठवडा लागला, पण त्या रात्री तो पहिल्यांदा सलग झोपला.

मला आमच्या आजीचा बंब आठवला. पावसाळ्याआधी ती सरपण माळ्यावर चढवायची, तेव्हा आम्ही हसायचो. आता ताई मार्चमध्येच लाकूड घेते. आणि पैसे देण्याआधी, दुकानदारासमोर, दोन लाकडं आपटून बघते!